टोपीचा गाभा

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. एकाच ओळीचं खोटं. "सेविकेच्या अस्वच्छ हातांमुळे नमुने दूषित झाले." ओळ इंग्रजीत होती आणि तिच्याखाली माझी सही मराठीत होती : हौसा मारुती घोणे. सत्तावीस वर्षं झाली. तुमचे सत्कार झाले, एका हॉलला तुमचं नाव लागलं, तुमच्या पुस्तकाची सहावी आवृत्ती निघाली, आणि त्या पुस्तकात अजून तुमचं जुनंच म्हणणं छापलंय. म्हणून आता मी लिहिते. मला लिहायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाला विचारून लिहायची सवयही नाही.

तो आखाडाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे महिनाभर आमच्या खाटीक आळीत सुऱ्या टांगून ठेवायच्या. त्यामुळे त्या सकाळी सगळं गाव मटणाच्या रांगेत. मी उजाडल्यापासून वडलांच्या दुकानात मांडी घालून गुर्दे सोलत होते.

"हौसे, उरक! गुरुजी कवाचे हुबे हायेत."

"उरकतेय आप्पा. मला साडेनवाला कॉलेजात पोचायचंय."

"जा की. हितं पण गुर्दं, तितं पण गुर्दं. फरक काय त्यो सांग."

"तिथं पंखा हाय."

रांगेतली माणसं हसली. आप्पाही हसले, पण माझ्या हातांवरची त्यांची नजर हलली नाही. बोकडाच्या गुर्द्याच्या शेंड्याला चरबीत दडलेली एक गाठ असते, घेवड्याच्या मोठ्या दाण्याएवढी. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. आमच्या आळीत तिला टोपी म्हणतात. आप्पांचा नियम होता : चरबी बोटांनी सोलायची, टोपीला पातं लावायचं नाही. पातं लागलं की आतला गाभा काळा पडतो आणि गिऱ्हाईक माल शिळा म्हणून परत करतं. त्या सकाळी मी शंभरावर टोप्या अशा आख्ख्या ठेवल्या. हातांना डोकं लागत नव्हतं. ते आपले आपण चालले होते.

मग त्यातल्याच वीस टोप्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी सायकलवरून ओढ्यापलीकडच्या जनावरांच्या कॉलेजात आले. तिथं मी चार वर्षं रोजंदारीवर होते. टोपी कुठे असते ते चरबीत बोट घालून सांगणारं माणूस तुम्हाला हवं होतं, साहेब, म्हणून तुम्ही मला घेतलं होतंत. आणि तुमच्या प्रयोगशाळेतला नियम आप्पांच्या बरोब्बर उलटा होता. टोपी चिरायची, गाभा खरवडून बादलीत टाकायचा, आणि उरलेल्या सालीच्या पातळ चकत्या करायच्या. तुम्हाला साल हवी होती. गाभा म्हणजे कचरा.

त्या दिवशी माझे हात दुकानातच राहिले. मी चकत्या केल्या, पण गाभा खरवडला नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही.

ती खोली मला अजून दिसते. खिडक्यांना हिरवे पडदे, कारण उजेडानं टोपीतून सुटणारा रस खराब होतो म्हणायचे. मधोमध कोमट पाण्याची टाकी, जी दिवसभर मंद झुलायची. टाकीत काचेचे चंबू, चंबूंत खारट पाणी, पाण्यात टोपीच्या चकत्या, आणि नळीतून येणारे बुडबुडे. मी टाकीला पाळणा म्हणायचे. दुपारी बाहेर सगळं शांत झालं की पाळण्याचा नुसता चुळूक चुळूक आवाज यायचा, आणि उभ्या उभ्या वाटायचं, आपणही आतच आहोत. कोमट. कुणीतरी हलवतंय. मेलेल्या बोकडाचा एवढासा तुकडा त्या पाण्यात चार चार तास जिवंत राहायचा. कुणाचा जीव कुठे संपतो, हे मला तेव्हापासून नीट सांगता येत नाही.

"हौसा, झोपायलीस का काय उभ्यानं?"

ह्या डोईफोडे मॅडम. यमुना डोईफोडे, गंगाखेडच्या बाजूच्या, तुमच्या हाताखाली पीएच.डी. करायला आलेल्या. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. मला शिकवायचा त्यांना नाद होता. चंबू धुता धुता त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. डोक्याच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती रक्तातून हुकूम सोडते. हुकूम टोपीपर्यंत पोचला की सालीतून रस सुटतो. भीती, ताप, उपास, धावपळ, या सगळ्यात तो रस जनावराला उभं ठेवतो. माणसालाही. वरून हुकूम, खाली काम. हे तुमचं पुस्तक, साहेब. वीस वर्षांचं.

तो वरचा हुकूम बारक्या बाटलीत विकत यायचा. मॅडमनी बाटलीला पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं होतं, "हुकूम". मग चंबूही दोन जातींचे झाले, हुकमाचे आणि बिनहुकमाचे. बिनहुकमाचे फक्त तुलनेला ठेवायचे. त्यांत काही व्हायचं नसतं.

दुपारी मॅडमनी चंबूंतलं पाणी काढलं, त्यातला रस वेगळा करून त्यावर आम्ल घातलं, आणि एकेक काचनळी निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवायला लागल्या. रस असला की नळी हिरवी पेटायची. किती हिरवी ते काटा सांगायचा, पण मला डोळ्यांनीच बघायला आवडायचं. काजव्याचं पाणी केलं तर जसं दिसेल तसं.

"हुकमाचा, एक," मॅडम म्हणाल्या. हिरवं.

"हुकमाचा, दोन." हिरवं.

"बिनहुकमाचा, एक."

हिरवं.

मॅडमनी ती नळी काढली. त्यांनी दुसरी नळी ठेवली. तीही हिरवी. त्यांनी पेटीचं झाकण उघडून पुन्हा लावलं, काच पुसली, पुन्हा ठेवली.

"हौसा, यात हुकूम घातलास का तू?"

"मी बाटलीला हात लावत नाही मॅडम. तुम्हीच घालता."

"मग चंबू धुतला नव्हतास."

"तीनदा धुतला. वास घ्या."

त्यांनी खरंच वास घेतला. मग चिमट्यानं चंबूतली चकती उचलून पडद्याच्या फटीशी धरली. चकतीच्या मधोमध गाभा होता, तपकिरी पडलेला.

"हे काय?"

मी बादली पुढं ओढली. "दुकानातल्यासारखं झालं मॅडम. आखाड आहे ना. सकाळपासून तेच करत होते. हात तसेच चालले. सगळं फेकून देते, उद्या..."

"हात लावू नको!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की पाळण्यातलं पाणी थांबल्यासारखं वाटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "थांब. कशालाच हात लावू नको. बस इथं."

आम्ही दोघी स्टुलांवर बसलो. पेटीत ती नळी तशीच जळत होती.

"वरून कुणी सांगितलं नाही," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बोकडाचं डोकं तर तुझ्या वडलांच्या दुकानात राहिलं. मग सालीला सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, "शेजारणीनं."

"काय?"

"आमच्या आळीत नळाला पाणी कधी येणार ते नगरपालिका फळ्यावर लिहिते. फळा कोण बघतंय? पाणी आलं की शेजारीण भिंतीवरून हाक मारते. फळ्यावर लिहून येईतो आमच्या घागरी भरलेल्या असतात."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भिंतीवरून," त्या म्हणाल्या, "अगं, साल आन् गाभा यांच्यात तर भिंतसुद्धा नाही गं."

श्रावणात आमची आळी बंद, पण पलीकडच्या मोहल्ल्यातल्या दुकानांत माल मिळायचा. मी तिथून टोप्या आणायचे. सात वेळा केलं आम्ही. गाभ्यासकट साल, हुकूम नाही : हिरवं. नुसती साल, हुकूम नाही : काळोख. तुम्ही पुढं म्हणाल की गाभ्याचीच घाण चमकते, म्हणून मॅडमनी नुसता गाभा ठेवला. काळोख. मग साल वेगळी चिरली, गाभा वेगळा चिरला आणि दोन्ही एकाच चंबूत शेजारी शेजारी ठेवले. हिरवं, थोडं फिकं. शेवटी गाभा ज्या पाण्यात झुलला ते पाणी नुसतं गाळून सालीवर ओतलं. गाभा नाही, हुकूम नाही, फक्त शेजारणीची हाक.

हिरवं.

ते दिवस मला झोपेतल्यासारखे आठवतात. पडद्यांतून येणारा उजेड हिरवा, पेटीतला हिरवा, आणि घरी डोळे मिटले की आतही हिरवा. आप्पा म्हणायचे, "ह्या पोरीला कॉलेज बाधलं." जेवताना मी गुर्दा ताटात फिरवत बसायचे. माझ्याही अंगात दोन टोप्या आहेत आणि आत्ता, डोक्याला न विचारता, त्या आपसात काहीतरी बोलताहेत, असं वाटून अंगावर काटा यायचा. चुकून झालेल्या गोष्टीतून एवढं निघतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. चुकीतून बोलणी निघतात एवढंच मला माहीत होतं.

मग मॅडमनी तुम्हाला वही दाखवली. मी कोपऱ्यात चंबू पुसत होते.

"हे काय आहे डोईफोडे?"

"बिनहुकमाचे आकडे आहेत सर. गाभ्यासकट."

"गाभा ठेवायला कुणी सांगितलं?"

"पहिल्यांदा चुकून झालं. नंतर मुद्दाम."

तुम्ही हसलात. "पदवी घ्यायला आलात की माझं डोकं फोडायला? नावाला जागताय."

"सर, गाभ्याचं नुसतं पाणी घातलं तरी..."

"मी वीस वर्षं गाभा फेकतोय!"

"तेच म्हणायलेय सर."

मॅडम उद्धटपणे बोलल्या नव्हत्या, साहेब. त्यांच्या डोळ्यांत आनंद होता. त्यांना खरंच वाटत होतं की तुम्हालाही होईल.

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. चार वर्षांत पहिल्यांदा.

"हुकमाची बाटली कोण हाताळतं?"

"मॅडम," मी म्हटलं.

"आणि बाटली पुसून ठेवतं कोण?"

"मी, साहेब."

"चंबू कोण धुतं?"

"मीच."

"हं," तुम्ही म्हणालात, आणि वही काखेत मारून गेलात. मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं. आमच्या जातीला अशा 'हं'चा अर्थ लवकर कळतो.

चार दिवसांनी तुम्ही मॅडमना विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवलंत आणि मला म्हणालात, "घोणे, आज तुम्ही लवकर जा." अहोजाहो! मी तीन वाजता निघाले, ओढ्यापर्यंत गेले आणि आठवलं, डबा राहिला. परत आले. प्रयोगशाळेचं दार लावलेलं होतं, पण दाराला वरून काच आहे.

तुम्ही एकटेच होतात. कोट काढून ठेवलेला, बाह्या कोपरापर्यंत वर. माझ्या स्टुलावर बसून टोपी सोलत होतात. चरबी बोटांनी काढत होतात, पातं न लावता. हात सराईत नव्हते, पण जपून चालले होते. गाभ्यासकट चकत्या करून तुम्ही चंबू भरलेत, हुकमाची बाटली न उघडता पाळण्यात ठेवलेत आणि समोर बसून राहिलात. मी का थांबले ते मला सांगता येणार नाही. बाहेर ऊन कलत गेलं, आत पडदे गडद होत गेले, पाळणा झुलत राहिला. तासाभराने तुम्ही उठलात, पाणी काढलंत, आम्ल घातलंत, नळी पेटीत ठेवलीत आणि वाकलात.

काच माझ्या श्वासानं धुरकटली होती. मी ती पदरानं पुसली नाही, आवाज होईल म्हणून. धुक्यातून मला फक्त तुमचा चेहरा दिसत होता, खालून उजळलेला. किती वेळ तुम्ही तसेच वाकून होतात! बारशाला पाळण्यात डोकावतात ना माणसं, तसे. तुमचे ओठ हलले. काय म्हणालात ते ऐकू आलं नाही. मग तुम्ही हात लांब करून दिवा बंद केलात.

मी डबा तिथंच सोडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. टेबलावर दोन कागद होते. एक इंग्रजीत टाइप केलेला. दुसरा मला ओळखू आला, कारण चार वर्षं मी त्याचंच स्वप्न बघत होते. मला कायम केल्याचा आदेश. त्यावर तुमची सही व्हायची होती.

"आधी इथं," तुम्ही इंग्रजी कागदावर बोट ठेवलंत.

मी सही केली.

त्या कागदावरून मॅडमचं काम बाद झालं. विषय बदला नाहीतर जा, असं तुम्ही सांगितलंत. त्या गेल्या. जायच्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा मी पाळण्यातलं पाणी बदलत होते.

"हौसा, इकडं ये."

मी गेले. मला वाटलं, कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"हात दाखव."

मी हात पुढं केले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले, नखं बघितली, तळवे नाकाजवळ नेले.

"स्वच्छ आहेत की," त्या म्हणाल्या. मग हात सोडून, "तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, होय ना?"

"नाही मॅडम."

"मला तेच वाटलं. नाहीतर तू सही केली नसतीस." त्यांनी हुकमाच्या बाटलीवरची ती पट्टी नखानं सोलून काढली आणि पर्समध्ये टाकली. "आप्पांना सांग, तुमच्या पोरीच्या हातांनी मला सगळ्यात चांगली चूक करून दिली. येते गं."

पुढं त्या कुठल्याशा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात लागल्या. म्हशींची इंजेक्शनं. सात वर्षांपूर्वी वारल्या. मला चार महिन्यांनी कळलं.

मी कायम झाले, एकवीस वर्षं नोकरी केली, आणि त्या वर्षांत शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी शिकले, एका ओळीसाठी. फायलीतून तो कागद शोधून काढला आणि वाचला. मग बाकीचंही वाचत गेले. आता नवी मुलं ते सहज बोलतात. परवा कॉलेजातल्या एका निरोप समारंभाला गेले होते, तर एक मुलगी दुसरीला सांगत होती, टोपीच्या साली-गाभ्यातल्या पेशी आपापसात निरोप धाडतात, वरच्या हुकमाशिवायही ग्रंथी स्वतःला सांभाळते. जगात कुठं कुठं, कुणी कुणी ते शोधून ठेवलंय. आमच्या खोलीत ते आधी दिसलं होतं की नाही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

आता ते लिहिते, जे मी मॅडमना सांगितलं नाही.

मला इंग्रजी येत नव्हतं, हे खरं. पण त्या सकाळी केबिनमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, "साहेब, यात काय लिहिलंय?" आणि तुम्ही, काय वाटलं कुणास ठाऊक, चष्मा लावून मला ती ओळ मराठीत वाचून दाखवलीत. शब्दाला शब्द. अस्वच्छ हातांमुळे. दूषित. मी म्हटलं, "हे खरं नाही साहेब." तुम्ही म्हणालात, "मला माहीत आहे." आणि तो दुसरा कागद बोटानं एवढासा पुढं सरकवलात. त्या कागदानं मी आळीतून बाहेर पडणार होते. खाटकाच्या पोरीचे हात म्हणून कुणी पुन्हा बघणार नव्हतं. त्यासाठी मी माझे हात घाण आहेत असं लिहून दिलं. कळून, समजून, सही काळजीपूर्वक काढून.

आणि मॅडमनी हात हुंगले तेव्हाही मी सांगू शकले असते. की मी काचेतून बघितलंय. की साहेबांनी स्वतःच्या हातांनी, माझ्या स्टुलावर बसून, गाभा न काढता करून बघितलंय. त्या लढल्या असत्या. नावाला जागल्या असत्या. मी म्हटलं, नाही मॅडम.

हे माझं झालं. लिहून टाकलं. यावरही सही करते, आणि यावेळी भाषा माझी आहे.

आता तुम्ही. धुरकट काचेतून मला तुमचा चेहरा दिसला, नळी दिसली नाही. चेहरा उजळला होता, पण तो पेटीच्या निळ्या दिव्यानंही उजळला असेल. सत्तावीस वर्षं मी तो चेहरा निळा होता की हिरवा तेच आठवत राहते, आणि दर वेळी वेगळा दिसतो. बाकी मला तुमच्याकडून काही नको. माफी नको, पुस्तकाची सातवी आवृत्ती नको. एकच सांगा, आणि तुम्ही आहात तोवर सांगा.

त्या दुपारी नळी हिरवी झाली होती की नव्हती?

मराठीतच सांगा. तेव्हाही मराठीतच सांगितलं होतंत.